दोन मिस्ड कॉल

कळमनुरी
रविवार, ५ जानेवारी २०२५

चि. प्रतिक्षास,
भागवतकाकाचे आशीर्वाद.

तुझं पाकीट गुरुवारी मिळालं. कुरिअरवाल्यानं सही मागितली, ती केली. आतल्या कागदावर तू जी सही मागितली आहेस ती मात्र अजून केलेली नाही. कागद देवघराच्या फळीवर पंचांगाखाली ठेवलाय आणि पेन शर्टाच्या खिशात आहे. तुझी काकू येता-जाता दोन्हीकडं बघते.

इकडं सगळं क्षेमकुशल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. थंडी चांगली पडलीय. साखऱ्याच्या शेतातली तूर निघाली, हरभरा घाट्यावर आलाय. काकूचे गुडघे थंडीनं धरतात, तरी बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन तीच जाते. मला पाठवलं तर मी वांगी आणायची तर दोडके आणतो. डोकं ठिकाणावर नाही, असं ती शेजारणीला सांगते. खरं आहे.

तुझ्या आईचा काल फोन आला होता. औंढ्याहून इकडं चार दिवस राहायला या म्हटलं, तर म्हणाल्या, "नको भावजी, घराला कुलूप लावलं की यांनी आतून कडी वाजवल्यासारखं वाटतं." मी "आवाज तुटून राहिला वहिनी" म्हणून फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता.

हेच मी करत आलोय, पोरी. म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला बसलो तर मला "हॅलो, हॅलो" करायची सोय राहते. कागदाला ती सोय नाही.

नेटवाल्या विकासवरच्या तक्रारीला जोडायचा तुझा कागद मी सतरा वेळा वाचला. वकिलानं नीट लिहिलाय. "दिनांक १० नोव्हेंबर रोजी सकाळी ६ वाजून २७ मिनिटांनी माझी इंटरनेट सेवा अचानक खंडित झाल्यामुळे मला माझ्या बंधूंची प्रकृती बिघडल्याचे दिसू शकले नाही." खाली माझं नाव, भागवत, सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक, एसटी. मी तीस वर्षं स्टँडवर बसून गाड्यांच्या वेळा लिहिल्या. कोणती गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली. एकदाही खोटी वेळ लिहिली नाही, आणि त्याचा मला गर्व होता. या कागदातली वेळ बराबर आहे. बाकीचं मात्र तसं नाही.

थोडं मागून सांगतो. तुला माहीत असलेलंच सांगेन, पण मला तिथूनच यावं लागतं.

तुझ्या वडलांना टिप्परचा धक्का लागला, खांदा निखळला आणि वहिनींनी त्यांची सायकल घरात कोंडली. मग मागच्याच्या आधीच्या दिवाळीत तू ती दोन यंत्रं पाठवलीस, एक औंढ्याला, एक कळमनुरीला. मागचं चाक काढायचं, सायकल यंत्रावर चढवायची, समोर टीव्ही लावायचा. आपण घरात पायडल मारायचं आणि टीव्हीतला माणूस परमुलखातल्या डोंगरात फिरणार. तुझी काकू म्हणाली, "घाण्याचा बैल तरी तेल काढतो, तुमी काय काढून राहिले?"

पण दादाला ते लई आवडलं. टीव्हीत कुणी जपानी शेजारून गेला तरी दादा मोठ्यानं "राम राम पाव्हणं!" म्हणायचा. त्या पाव्हण्याला काय ऐकू जातंय! पण म्हणायचाच. बर्फाच्या घाटाला तो 'सेनगावचा चढ' म्हणायचा. दर रविवारी सहाच्या ठोक्याला त्याची सायकल चालू. कानात ते हेडफोनचं बोंडूक, त्यातून आम्ही बोलायचो. साठीतले दोन भाऊ, मध्ये तासाभराची वाट, आणि गप्पा मात्र आल्प्सच्या घाटात.

नेट जायचं, हे खरं. तुझं म्हणणं काही हवेतलं नाही. विकासची वायर झाडावरून आलेली, वानरांनी हिसडा दिला की गेलं. नेट गेलं की टीव्हीतला आपला माणूस थोडा वेळ मान खाली घालून तसाच चालत राहतो आणि मग एकदम नाहीसा होतो. दादाला त्याची फार तकलीफ व्हायची. तो घाबरायचा, भागवतला काही झालं का म्हणून. मग त्यानंच ती खूण ठरवली. जुन्या काळात फोन महाग होते तेव्हा आपल्या घरात चालायची तशीच. एक मिस्ड कॉल म्हणजे नेट गेलं, मी बरा आहे, तू चाल पुढं. दोन मिस्ड कॉल म्हणजे ये. उचलायचा नाही, कारण उचलला की छातीचे ठोके मोजायच्या पट्ट्याचं आणि फोनचं जमत नाही, सगळं पुन्हा जोडावं लागतं. वर्षभरात आम्ही कधी उचलला नाही. एक म्हणजे बरा आहे. दोन म्हणजे ये. हे नीट ध्यानात ठेव.

आता पहिली गोष्ट, जी तुला माहीत नाही.

नेट जितक्या वेळा जायचं, त्यातलं निम्मं मी घालवायचो. ती नेटची डबी माझ्या उजव्या हाताला, खिडकीच्या कट्ट्यावर आहे. बोटभर अंतर. घाट लागला, दम लागला, दादा पुढं निघाला आणि कानात "पाय चालव भाग्या, पाय चालव" सुरू झालं की मी बटण दाबायचो. मग एक मिस्ड कॉल द्यायचा आणि चहा घ्यायचा. दादा दुपारी विकासला फोन करून झापायचा. विकास बिचारा शिडी घेऊन यायचा, वायर तपासायचा, डोकं खाजवून जायचा. मी त्याला चहा पाजायचो. इतका मी चांगला माणूस.

एकदा दादा म्हणाला होता, "विकासचं नेट लई शहाणं हाय बघ. तू दमला की मगच जातं." आणि हसला. तेव्हा मी पण हसलो. ते हसणं आता कळतंय. त्याला ठाऊक होतं, प्रतिक्षा. तो विकासला झापायचा ते मला झाकायला.

तुला वाटेल, एवढा काय राग होता काकाला. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. लहानपणी साखऱ्याहून सेनगावच्या शाळेत आम्ही एका सायकलवर जायचो. दादा पायडल मारणार, मी पुढं दांडीवर. चिखल लागला की तो उतरून ढकलायचा, पण मला उतरू द्यायचा नाही, कारण माझ्या पायात चपला नव्हत्या आणि वाटेत बाभळीचे काटे. चढाला तो दातओठ खाऊन उभा राहून पायडल मारायचा. "पाय टेकवायचा न्हाई भाग्या. टेकवला की चढ जिंकला." मी कधी त्याला पाय टेकवताना पाहिलं नाही. पुढं तो गुरुजी झाला, गावोगाव नाव झालं. मी स्टँडवर बसायचो तर लोक विचारायचे, तुमी तातेराव गुरुजींचे धाकटे का? साठ वर्षं मी त्या दांडीवरच बसलेला होतो. ज्यानं मला काटा लागू दिला नाही, त्याचाच मला कंटाळा आला होता. असं माणसाला होतं का, मला माहीत नाही. मला झालं.

आता त्या दिवसाचं. वेळा लिहितो, तेवढंच मला येतं.

सहा वाजता दोघं चालू झालो. तुझी आई काकड्याला गेलेली. दादा म्हणाला, आज बर्फाचाच घाट घेऊ. सहा पंधरापर्यंत नेहमीसारखा तो पुढं. सहा वीसला माझ्या लक्षात आलं की तो लांब जाईना. मी जोर लावला. सहा बावीसला मी त्याच्या शेजारी आलो. तो म्हणाला, "आज जरा जड वाटून राहिलं रे." मी म्हणालो, "वय झालं गुरुजी!" आणि पुढं गेलो.

पुढं गेलो, पोरी. टीव्हीच्या कडेला नावांची यादी असते ना, त्यात भागवत वर आणि तातेराव खाली. जन्मात पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की मी एकटाच मोठ्यानं हसलो. तुझी काकू स्वयंपाकघरातून "काय झालं?" म्हणाली.

सहा सव्वीसला दादाचा आवाज आला. "भागवत, थांब जरा."

आवाज स्वच्छ होता. शेजारी बसून बोलावं इतका. मी म्हणालो, "आवाज तुटून राहिला दादा! हॅलो! हॅलो!" त्यानं परत म्हटलं, "थांब रे जरा." मी परत हॅलो म्हटलं.

मग मी ती मागं बघायची खूण दाबली. टीव्हीत घाटाचं वळण दिसलं, आणि वळणावर दादा उभा होता. एक पाय जमिनीवर टेकवून. पायडल थांबलं की त्यात माणूस असाच उभा दिसतो. मी पाहिलं. तुझ्या कागदात लिहिलंय की मला दिसू शकलं नाही. मला दिसलं.

आणि मला काय वाटलं ते लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही. मला वाटलं, पाणी पिऊन राहिला. आता दम खाईल, उभा राहील, आणि दोन मिनिटांत मला गाठून पुढं जाईल. नेहमीसारखा. मग आज मी पुढं होतो हे कुणाला सांगणार? म्हणून मी पुढं असतानाच सहा सत्तावीसला डबीचं बटण दाबलं. जिंकल्या-जिंकल्या घरी निघून जावं तसं. ठरल्याप्रमाणं एक मिस्ड कॉल दिला. मी बरा आहे, तू चाल पुढं.

सहा एकोणतीसला त्याचा एक आला. मी म्हटलं, बरं, कळलं त्याला.

सहा तीसला दुसरा आला.

तुम्ही सगळे म्हणता, दादाला बोलायला सवड मिळाली नसेल, काकांना कळलं नसेल. मला अर्थ बराबर कळला होता. दोन म्हणजे ये. मला वाटलं, हा हरला ते याला सोसवेना, परत खेळायला बोलावून राहिला. मी फोन पालथा ठेवला. आंघोळ केली. पोहे खाल्ले. तुझ्या काकूला सांगितलं, आज दादाला मागं टाकलं. ती म्हणाली, "लहान लेकरू हायेत तुमी." मी दुसऱ्यांदा पोहे घेतले.

सव्वासातला तुझी आई घरी आली तेव्हा दादा सायकलच्या शेजारी खाली होता. फोन हातात होता म्हणे. मधल्या पाऊण तासात मी नुसता त्याच्या शेजारच्या ग्यानोबाला फोन केला असता तर तो भिंतीवरून उडी मारून गेला असता. माझ्याकडं ग्यानोबाचा नंबर आहे. दादानंच देऊन ठेवला होता, कधी लागला तर म्हणून. हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. ते सगळ्यांना म्हणाले, पण मला वाटलं माझ्याकडंच बघून म्हणाले.

तू पुण्याहून संध्याकाळी पोचलीस. दवाखान्याच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत मला विचारलंस, "काका, तुम्ही तर सोबत होतात ना?" मी म्हणालो, "नेट गेलं गं बाई." चार शब्द. तू माझ्या गळ्यात पडलीस. म्हणालीस, तुमचा काय दोष. तेव्हा तुला दूर करायला हवं होतं. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

मग सगळ्यांचं लक्ष विकासकडं वळलं. तू त्याच्याबद्दल लिहिलंस, ते घरोघरच्या फोनवर फिरलं. लोक त्याचं कनेक्शन काढून राहिलेत. त्याची बायको काकूला बाजारात भेटली, तर मान खाली घालून निघून गेली.

मागच्या आठवड्यात तो घरी आला होता. चपला दाराबाहेर काढून उंबऱ्यापाशीच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "काका, तुमच्या घरचं मानूस गेलं, मी काय बोलावं? पर त्या दिवशी लाइन चालू व्हती. माझ्या मशिनीत दिसतं. डबी घरातूनच बंद झालेली हाय. चुकून कुनाचा हात लागला का, एवढंच विचारतो."

केवढी वाट काढून दिली होती त्यानं मला! चुकून हात लागला, एवढं म्हणायचं होतं. आणि मी काय म्हणालो? "तुझी मशीन खोटी हाय." त्यानं चपलांत पाय घातले. मग म्हणाला, "गुरुजींनी मला चौथीत शिकवलं काका. मी काहून खोटं बोलू?" आणि गेला. काकू दाराआडून ऐकत होती. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तिला कळलंय. पोहे तिनंच वाढले होते ना.

मी हे आधी काहून सांगितलं नाही, असं तू विचारशील. रोज ठरवत होतो. तेराव्याला सांगू म्हटलं, तेव्हा तुझी आई म्हणाली, "आता तुमीच आमाला त्यांच्या जागी." त्यांच्या जागी! मग कसं सांगणार? नंतर वाटलं, मरेपर्यंत नाही सांगितलं तरी कुणाला कळणार नाही. तेही खरं होतं. तुझा कागद आला नसता तर मी हे सोबत घेऊन गेलो असतो, आणि लोक म्हणाले असते, भावाच्या दुःखानं गेला. त्यातही मला मोठेपणा मिळाला असता.

झोप लागत नाही असं नाही, लागते. हेच वाईट. जेवतो, झोपतो, उठतो. रविवारी सहाला जाग येते आणि तसाच पडून राहतो. सायकल अजून त्या यंत्रावर आहे. काकूनं तिच्यावर चादर टाकलीय. फोनमध्ये ते दोन कॉल तसेच आहेत, लाल अक्षरात, सहा एकोणतीस आणि सहा तीस. मी पुसले नाहीत. दोन महिन्यांत मी त्या नंबरावर कितीदा बोट नेलं असेल. लावला तर तुझ्या आईच्या उशाशी वाजेल, म्हणून लावत नाही. आणि तिनं उचलला तर?

एक गोष्ट मला सुटत नाही. त्याला ठाऊक होतं की बटण मी दाबतो. म्हणजे त्याला हेही ठाऊक होतं की मनात आणलं तर भागवत परत येऊ शकतो. त्यानं ग्यानोबाला हाक मारली नाही, डॉक्टरला लावला नाही. छातीत कळ घेऊन, पाय टेकवून, मला दोनदा वाजवला. त्याचा माझ्यावर तेवढा भरवसा होता. कशाच्या जिवावर होता, ते मला अजून कळत नाही.

तुझा कागद सहीशिवाय परत पाठवतोय. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी माझ्या अक्षरात सगळ्या वेळा लिहिल्या आहेत, सहापासून सव्वासातपर्यंत, स्टँडवरच्या वहीत लिहायचो तशा, आणि तिथं सही केली आहे. वकिलाला दाखव. विकासची तक्रार मागे घे, आणि जिथं त्याच्याबद्दल लिहिलं होतंस तिथंच माझ्याबद्दल लिही. नाव घालून लिही, पुतणी म्हणून हात आखडू नको. विकासकडं मी उद्या सकाळी स्वतः जाणार आहे. तो दारात उभा करेल तर उभा राहीन.

तुझ्या आईला कसं सांगायचं, तेवढं मला सुचत नाही. हे पत्र तिला वाचून दाखव, किंवा नको दाखवू. मी सांगायला गेलो तर ती आधी चहा ठेवेल. ते मला सोसणार नाही.

आणि एक ऐक. ही यंत्रं पाठवली म्हणून बाबा गेले, असं तू काकूजवळ रडली होतीस. यंत्रामुळं गेला नाही तो. यंत्रामुळं वर्षभर दर रविवारी मला त्याचा आवाज ऐकू आला. आवाज एकदाही तुटला नाही, जेव्हा जेव्हा मी तुटतोय म्हणालो तेव्हासुद्धा नाही.

माफी मागत नाही. ती द्यायला जो होता तो वळणावर उभा आहे, आणि मी बटण दाबून घरी आलोय.

पत्र मिळालं की एक मिस्ड कॉल दे, म्हणजे पोचलं असं समजेन. दुसऱ्या कॉलची वाट पाहायचा हक्क मी त्या दिवशी सहा तीसला घालवला. तरी यापुढं फोन पालथा ठेवणार नाही.

तुझ्या बाबाचा धाकटा,
भागवत